१२ हजार सूचना आणि न लिहिलेले एक पान

१० जुलै २०२५ रोजी महाराष्ट्राच्या विधानसभेत विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर झाले, तेही आवाजी मतदानाने. नक्षलवादी आणि तशा प्रकारच्या संघटनांना बेकायदेशीर ठरवण्याचा अधिकार सरकारला देणारे हे विधेयक. अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे, होयचे बहुमत, विधेयक संमत. विरोधी बाकांवरून शंका आल्या, आक्षेप आले. पण २८८ जणांच्या सभागृहात थेट आणि स्वच्छ विरोध नोंदवला तो डहाणूचे माकपचे आमदार विनोद निकोले यांनी. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला आणि तिथेही ते मंजूर झाले.

त्या दोन दिवसांवर भरपूर लिहून आले. मला लिहायचे आहे ते त्याआधीच्या सात महिन्यांबद्दल. हे विधेयक पहिल्यांदा जुलै २०२४ मध्ये आले आणि अधिवेशनाबरोबर मागे पडले. डिसेंबरमध्ये नागपूरला ते पुन्हा मांडले गेले आणि दोन्ही सभागृहांच्या संयुक्त चिकित्सा समितीकडे गेले. अध्यक्ष महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे. सदस्यांत विरोधी पक्षांचे जयंत पाटील, नाना पटोले, जितेंद्र आव्हाड, अंबादास दानवे यांच्यासारखी ज्येष्ठ माणसे. लोकांकडून सूचना मागवल्या आणि १२ हजारांहून अधिक आल्या. त्यांतली एक माझी होती. अहवाल पटलावर आला, तेव्हा त्याला एकाही सदस्याची भिन्न मतपत्रिका जोडलेली नव्हती. मुख्यमंत्र्यांनी सभागृहात हे आवर्जून सांगितले, आणि सांगणारच. त्यांच्या जागी कुणीही सांगितले असते.

भिन्न मतपत्रिका म्हणजे काय, हे ज्यांचा या कामाशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी सांगतो. समितीत बहुमताने निर्णय होतो. ज्याला तो पटत नाही, त्या सदस्याला आपले म्हणणे लेखी देता येते, आणि ते अहवालाचा भाग होऊन कायमचे छापले जाते. वक्फ दुरुस्ती विधेयकावरच्या संसदेच्या संयुक्त समितीत जानेवारी २०२५ मध्ये विरोधी खासदारांनी अशा मतपत्रिका दिल्या. त्यांतले काही मजकूर गाळल्यावरून वाद पेटला आणि ते पुन्हा जोडावे लागले. त्या विधेयकाबद्दल तुमचे मत काहीही असो, आज कुणी संशोधक, वकील किंवा साधा नागरिक तो अहवाल उघडेल तर विधेयकाच्या कोणत्या खंडाला, म्हणजे कलमाला, कुणाचा विरोध होता आणि का होता, हे त्याला वाचता येईल. जनसुरक्षा विधेयकाच्या अहवालात ते पान नाही.

आता ते पान कशासाठी हवे होते, ते सांगतो. गडचिरोलीतला नक्षली हिंसाचार खरा आहे. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ सुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांचा वाहनचालक गेले. त्या घरांसमोर उभे राहून 'कायदा नकोच' असे मी म्हणणार नाही. छत्तीसगडने असा कायदा २००५ मध्ये केला आहे, हेही मला माहीत आहे. माझी सूचना एका व्याख्येपुरती होती. या कायद्यात 'बेकायदेशीर कृत्य' कशाला म्हणायचे, याच्या यादीत हिंसा, स्फोटके, रेल्वे-रस्ते उद्ध्वस्त करणे हे आहे, आणि त्यावर कुणाचे दुमत असणार? पण त्याच यादीत सार्वजनिक सुव्यवस्थेत अडथळा आणणे किंवा तसा अडथळा येण्याकडे कल असणे, कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या व त्यांच्या कर्मचाऱ्यांच्या कामात ढवळाढवळ करणे, प्रस्थापित कायद्याची अवज्ञा करण्यास उत्तेजन देणे, असेही आहे. शिक्षा ७ वर्षांपर्यंत जाते.

कोल्हापूर जिल्ह्यात शक्तिपीठ महामार्गाच्या मोजणीला अधिकारी येतात तेव्हा शेतकरी बांधावर उभे राहतात. बायाबापड्या आडव्या पडतात. हे कर्मचाऱ्यांच्या कामात ढवळाढवळ करणे झाले की नाही? मुख्यमंत्री म्हणाले, आंदोलकांवर हा कायदा वापरला जाणार नाही. त्यांच्या शब्दावर अविश्वास दाखवण्याची मला गरज वाटत नाही. पण आश्वासन देणारा माणूस बदलतो. वीस वर्षांनी एखाद्या तालुक्यातला अधिकारी कायद्याचे पुस्तक उघडेल, तेव्हा त्यात आश्वासन छापलेले नसेल, व्याख्या छापलेली असेल.

समितीने काहीच केले नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. तीन मुख्य बदल झाले. आधी विधेयकाच्या दीर्घ नावात व्यक्ती आणि संघटना असे सरसकट शब्द होते, तिथे कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तशा प्रकारच्या संघटना असे आले. संघटना बेकायदेशीर ठरवण्याचा सरकारचा निर्णय तपासणाऱ्या सल्लागार मंडळावर उच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायाधीश अध्यक्ष म्हणून आले. आणि तपास उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला. शेवटचे दोन बदल मला मनापासून चांगले वाटतात. पोलीस ठाण्यातला उपनिरीक्षक आणि उपअधीक्षक यांच्यातले अंतर ज्याने तालुक्याच्या गावी दिवस काढलेत त्याला कळते. पहिल्या बदलाने मात्र माझे समाधान होत नाही. 'तशा प्रकारच्या' हे शब्द कुठवर ताणले जातील, हे कुणीच सांगू शकत नाही, आणि मूळ व्याख्या जशी होती तशीच राहिली.

तेव्हा प्रश्न असा उरतो: व्याख्येवर समितीत चर्चा झाली का? कुणी पर्यायी शब्द सुचवले? ते मताला टाकले? विरोधी सदस्य नंतर बाहेर म्हणाले की आम्ही बैठकांत बोललो होतो. बोलले असतील. पण समितीच्या बैठका बंद दाराआड होतात आणि तिथली चर्चा लोकांपुढे येत नाही. बोललेले दिसत नाही, लिहिलेले नाही, सभागृहात मतविभागणी, म्हणजे नावानिशी मतमोजणी, झाली नाही. म्हणजे महाराष्ट्राच्या अलीकडच्या काळातल्या सर्वांत वादग्रस्त कायद्यावर माझ्या आमदाराचे मत नेमके काय होते, हे शोधायला आज माझ्याकडे एकही कागद नाही.

यावर एक ठरलेले उत्तर मिळते: पक्षादेशापुढे आमदाराचे काही चालत नाही. सभागृहात ते बऱ्याच अंशी खरे आहे. १९८५ मध्ये राज्यघटनेत दहावे परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, आले तेव्हापासून पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याची आमदारकी जाऊ शकते. पण ते परिशिष्ट सभागृहातल्या मतदानाबद्दल बोलते. समितीच्या खोलीतल्या मताबद्दल त्यात काही नाही. आपल्या व्यवस्थेत आमदाराला, सत्ताधारी बाकावरच्या आमदारालासुद्धा, 'मला हा खंड पटत नाही' असे सांगून आमदारकी शाबूत ठेवता येते ती जागा म्हणजे समिती. आणि तिथे लिहिलेले वाया जात नाही. संसदीय समितीचा अहवाल कायद्याचा अर्थ लावताना न्यायालय पाहू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१८ मध्ये सांगितले आहे. या कायद्याचे दावे उद्या न्यायालयात उभे राहतील. वकील अहवाल चाळेल. १२ हजार लोकांनी जे सांगितले, त्याचे समर्थन करणारा एकही सदस्य त्याला सापडणार नाही.

समित्यांबद्दल मी इतक्या पोटतिडकीने का लिहितो, याला एक कारण आहे. माझी सारी नोकरी जिल्हा परिषदेत गेली. 'पीआरसी येतेय' हे दोन शब्द कार्यालयात आले की काय व्हायचे, ते जिल्हा परिषदेच्या माणसालाच विचारावे. पीआरसी म्हणजे विधिमंडळाची पंचायत राज समिती. आधी जाडजूड प्रश्नावली यायची. मग स्थानिक निधी लेखापरीक्षणातले परिच्छेद, म्हणजे आक्षेप, शोधायचे, वर्षानुवर्षे पूर्तता न झालेले. रात्री दहा-दहापर्यंत टंकलेखन, संचिकांना नवे पुठ्ठे, शाळांना चुना, अंगणवाडीत नवी भांडी. समिती तीन दिवस राहायची. पहिल्या दिवशी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची साक्ष, मग तालुके, मग पुन्हा साक्ष. बहुतेक सदस्य काय करायचे ते सांगत बसत नाही. पाहुणचार जोरात असायचा, एवढे पुरे.

पण एक दौरा मी विसरलेलो नाही. मागच्या खुर्चीवर मी संचिका पुढे सरकवायला बसलो होतो. राज्याच्या दुसऱ्या टोकाहून आलेले एक आमदार होते. शंभर पानी वही, त्यात स्वतःच्या अक्षरात टिपणे. पाणीपुरवठ्याच्या एका परिच्छेदावर ते थांबले. विहीर झाली, जलवाहिनी झाली, पैसे दिले गेले, पण योजना हस्तांतरित झाल्याचा कागद नाही, असा तो आक्षेप होता. खातेप्रमुख म्हणाले, "माहिती घेऊन सांगतो, साहेब." आमदार शांतपणे म्हणाले, "माहिती घ्यायला तुम्हाला चार वर्षं होती. मी सकाळी येताना त्या गावात थांबलो. बायका अजून ओढ्यावरनं पाणी आणतात." सभागृहात सुई पडली असती तर ऐकू आली असती. त्यांनी आवाज चढवला नाही, कुणाला निलंबित करायची मागणी केली नाही. फक्त त्या एका परिच्छेदावर पाऊण तास प्रश्न विचारत राहिले: मोजमाप पुस्तिकेत सही कुणाची, देयक कुणी मंजूर केले, चाचणी कधी घेतली. उन्हाळ्याआधी त्या गावात नळाला पाणी आले. ठेकेदाराकडून वसुली निघाली, ती पत्रे मी स्वतः टाइप केली.

त्या आमदारांच्या मतदारसंघात ही गोष्ट कुणाला माहीत असण्याची शक्यता नाही. त्या गावाचे एकही मत त्यांना मिळणार नव्हते. आपल्याकडे चौकाचौकात 'कार्यसम्राट आमदार' असे फलक लागतात. त्यावर रस्ता असतो, सभामंडप असतो, गटार असते, आणि आता वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी असल्यामुळे फलकांना तोटा नाही. पण रस्त्यासाठी ग्रामपंचायत आहे, जिल्हा परिषद आहे, बांधकाम खाते आहे. कायद्यातला एक शब्द बदलण्यासाठी आणि सरकारला हिशेब विचारण्यासाठी आमदाराशिवाय दुसरे कुणी नाही. हे आपण मतदारांनीही कधी मागितले नाही, हा दोष मी माझ्याही पदरात घेतो. आमदार गावात आले की मीसुद्धा बदलीचे बोललो आहे.

समित्या बंद दाराआड राहिल्या की काय होते, तेही गेल्या वर्षी दिसले. मे २०२५ मध्ये सरकारी खर्चाचे अंदाज तपासणाऱ्या विधिमंडळाच्या अंदाज समितीच्या दौऱ्याच्या काळात धुळ्याच्या शासकीय विश्रामगृहातल्या एका खोलीत १ कोटी ८४ लाखांची रोकड सापडली. चौकशीसाठी विशेष पथक नेमण्याची घोषणा झाली. दोष कुणाचा, हे ठरवणे माझे काम नाही. पण जिल्ह्या-जिल्ह्यातल्या कर्मचाऱ्यांना समितीचा दौरा म्हटल्यावर आधी काय आठवते, हे विधिमंडळाने एकदा नाव गुप्त ठेवून विचारून पाहावे. साक्ष उघड्यावर झाली, तिचे इतिवृत्त महिन्याभरात संकेतस्थळावर आले, कोणता सदस्य हजर होता आणि कोणी कोणता प्रश्न विचारला हे छापले गेले, तर विश्रामगृहातल्या खोल्यांचे महत्त्व आपोआप उतरेल. लोकलेखा समिती किंवा पंचायत राज समितीच्या साक्षीत राष्ट्रीय सुरक्षेचे असे काय असते, की ते लोकांनी ऐकू नये?

विधेयकांबाबत माझी मागणी याहून मोठी आहे. महाराष्ट्रात विधेयक समितीकडे जाईल की नाही, हे मुख्यतः सरकारच्या मर्जीवर असते. जनसुरक्षा विधेयक गेले, कारण बाहेर आरडाओरडा झाला. बाकीची कितीतरी अधिवेशनाच्या शेवटच्या दिवसांत, लक्षवेधी आणि गदारोळ यांच्या फटीतून, पाच-दहा मिनिटांत निघून जातात. हे एकट्या महाराष्ट्राचे दुखणे नाही. देशभरच्या राज्य विधिमंडळांत २०२३ मध्ये ४४ टक्के विधेयके मांडली त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मंजूर झाली, असे पीआरएस या अभ्याससंस्थेची पाहणी सांगते. सकाळी मांडले, संध्याकाळी मंजूर. त्या मधल्या वेळात कुणी खंड वाचून होतील का?

केरळने १९८० पासून विषय समित्या नेमल्या. विधेयक मांडले की ते साधारणपणे संबंधित विषय समितीकडे जाते, तिथे खंडशः विचार होतो, मग ते सभागृहात परत येते. तिथेही एक उणीव आहे: त्या समितीचा अध्यक्ष त्या खात्याचा मंत्रीच असतो. संसदेने १९९३ मध्ये खातेनिहाय स्थायी समित्या सुरू केल्या, तेव्हा मंत्र्याला सदस्यच होता येणार नाही असे ठरवले, आणि ते अधिक योग्य आहे. ज्याच्या सरकारचे विधेयक, त्यानेच चिकित्सेचे अध्यक्षपद घ्यायचे, हे आपल्याकडच्या संयुक्त समित्यांत नेहमीचे झाले आहे. पण संसदेची गोष्टही पुरती सांगायला हवी. तिथल्या समित्या कागदावर उत्तम आहेत. पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयके समितीकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत १६ टक्के. समितीकडे पाठवणे ऐच्छिक ठेवले की असेच होणार. म्हणून महाराष्ट्राच्या नियमांत ते बंधनकारक असावे. अर्थसंकल्पाशी जोडलेली आणि तातडीची विधेयके सोडा. बाकी प्रत्येक विधेयक किमान ३० दिवस समितीत राहिले पाहिजे, आणि समितीच्या अध्यक्षपदी मंत्री नको.

यावर विचारी माणसे एक आक्षेप घेतात आणि तो मी हलका मानत नाही. समितीकडे पाठवणे म्हणजे बासनात गुंडाळणे, असा आपला अनुभव आहे. जादूटोणाविरोधी कायद्याची मागणी १९९५ पासून होती. विधेयक विधानसभेत एकदा मंजूर होऊनही परिषदेत अडकले, पुन्हा आले, पुन्हा रेंगाळले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि चार दिवसांत अध्यादेश निघाला. ज्या कायद्यासाठी एका माणसाने आयुष्य घातले, तो त्याच्या मृत्यूनंतर चार दिवसांत शक्य होता. हे आठवले की चिकित्सा, सल्लामसलत हे शब्द कानाला टोचतात. मला अजून टोचतात. पण ते विधेयक अडले ते अभ्यासामुळे नव्हे. निर्णय घ्यायची हिंमत नव्हती आणि समितीला मुदत पाळण्याचे बंधन नव्हते. मुदत संपली की अहवाल येवो न येवो, विधेयक सभागृहापुढे यावे, असा नियम केला तर ही पळवाट बुजते.

उलट बाजूचे उदाहरण शक्ती विधेयकाचे. महिलांवरील अत्याचारांसाठीचे ते विधेयक डिसेंबर २०२० मध्ये आले तेव्हा तपास १५ दिवसांत पुरा करण्याची अट होती. ऐकायला फार चांगली अट. समितीने वर्षभर काम केले, मुंबईबाहेर जाऊन महिला संघटना, वकील, पोलीस यांच्याशी बोलली आणि ती मुदत ३० दिवस केली, कारण १५ दिवसांत न्यायवैद्यक अहवालसुद्धा हातात येत नाहीत. घाईने केलेला तपास न्यायालयात पडतो आणि आरोपी सुटतो, हे ज्या बायका कोर्टाच्या फेऱ्या मारून आल्या होत्या त्यांनी सांगितले तर ते ऐकण्याची जागा समितीच. डिसेंबर २०२१ मध्ये विधेयक एकमताने मंजूर झाले. पुढे केंद्राच्या आक्षेपांत ते अडकले, हे दुर्दैव, पण समितीचे काम त्यामुळे खोटे ठरत नाही.

आणि कायदा सावकाश, पायरीपायरीने केला तर काय उभे राहते, हे या राज्याने एकदा देशाला दाखवले आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात विसापूरच्या भागात आधी करून पाहिली. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. माणसे आधी कामावर आली, मग कलमे लिहिली गेली. पुढे २००५ मध्ये संसदेने त्याच वाटेने देशाचा कायदा केला. सभापतिपदावर बसलेला माणूस मजुराच्या रोजंदारीचा हिशेब करत होता, तेव्हा कुठे हे झाले.

मार्च २०२५ मध्ये मी जनसुरक्षा विधेयकावर जी सूचना पाठवली, ती दीड पानाची होती. व्याख्येतले तीन उपखंड गाळावेत किंवा त्यांना 'हिंसेच्या उद्देशाने' ही जोड द्यावी, एवढेच. विधेयक मंजूर झाल्यावर मी आमच्या आमदारांना पत्र लिहिले. ते त्या समितीत नव्हते. तरी विचारले: तुम्ही हे विधेयक वाचले होते का? व्याख्येबद्दल तुमचे मत काय? आवाजी मतदानात तुम्ही होय म्हणालात की गप्प बसलात? आणि आमच्या १२ हजार सूचनांपैकी किती सूचना कोणत्या कारणाने नाकारल्या, ही माहिती विधिमंडळ सचिवालयाने प्रसिद्ध करावी यासाठी तुम्ही प्रश्न लावाल का?

त्यांच्या कार्यालयातून एका मुलाचा फोन आला. फार अदबीने बोलला. म्हणाला, "काका, साहेबांना पत्र दाखवलं. ते म्हणाले, असं पत्र पहिल्यांदाच आलं." मी त्याला म्हटले, प्रश्नाचा मसुदा मीच करून देतो, साहेबांनी सही करून तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते असा प्रश्न, म्हणून लावायचा. तो हो म्हणाला. मसुदा मी चार ओळींत केला आहे. समितीपुढे आलेल्या सूचनांची विषयवार संख्या, स्वीकारलेल्या सूचना, नाकारलेल्या सूचनांची कारणे, आणि समितीच्या प्रत्येक बैठकीची सदस्यवार उपस्थिती. येत्या सोमवारी त्यांच्या कार्यालयात नेऊन देणार आहे.